टिंब, तिरकी रेघ आणि गटाचा हिशोब

मी अंधेरीहून बोलतेय. इथल्या वस्त्यांमधल्या बचत गटांचं समन्वयाचं काम मी करते. आमच्या गटांतल्या बऱ्याच जणी तुमच्याच गावांकडून आलेल्या. कुणी रत्नागिरीची, कुणी साताऱ्याची, कुणी जालन्याची. त्यामुळे तुमच्याशी बोलताना मला परकं वाटत नाही.

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, "अगं, हे आमच्या कामाचं नाही." विषय कॉम्प्युटरचा आहे. स्वतः लिहून नवा तयार केलेला प्रोग्रॅम कॉम्प्युटरला हुकूम देऊन चालवायचा कसा, याचा. पण जरा थांबा. तुमच्यातल्या कितीतरी जणींची लेक, सून नाहीतर भाची आज बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेऊन बसली असेल, तालुक्याला बीसीए करत असेल, पॉलिटेक्निकला जात असेल. रात्री काळ्या पडद्यासमोर ती रडकुंडीला येते तेव्हा शेजारी तुम्हीच असता. आणि उद्या तिनं केलेल्या प्रोग्रॅमवर आपल्या गटाचा हिशोब चालणार असेल, तर तो कसा चालतो आणि कुठं चुकतो हे आपल्याला कळायलाच हवं. कारण पैसा आपला आहे.

आमच्या एका गटात काय झालं ते सांगते. गटाच्या सचिव ताईंची मुलगी बीएस्सी कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला आहे. दर महिन्याला व्याजाची आकडेमोड करत आई रात्री जागते, हे ती बघायची. तिनं ठरवलं, आपण व्याज काढणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा. सी नावाच्या भाषेत तिनं तो लिहिला आणि बैठकीला लॅपटॉप घेऊन आली. आम्ही सगळ्या गोल करून बसलो. तिनं सगळ्यांसमोर प्रोग्रॅम तयार केला. एकही चूक आली नाही. मग तिनं प्रोग्रॅमचं नाव टाईप केलं, 'हिशोब', आणि एंटर दाबलं. पडद्यावर उत्तर आलं, 'कमांड नॉट फाउंड'. म्हणजे या नावाचा हुकूम सापडत नाही.

तिनं पुन्हा टाईप केलं. पुन्हा तेच. "ताई, फाइल इथंच दिसतेय हो! आत्ताच तर बनवली!" ती म्हणाली. आईनं हळूच म्हटलं, "राहू दे बाळा, वहीच बरी." त्या 'राहू दे'नं पोरीचा चेहरा पडला. नंतर कळलं, कॉलेजच्या प्रॅक्टिकललाही तिचं असंच झालं होतं. वेळ संपून गेली होती. आपल्याला हे शिक्षण जमणार नाही, लाईन बदलावी, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

मी स्वतः बीए. कॉम्प्युटरचं माझं शिक्षण एमएससीआयटीपुरतं. पण त्या रात्री आम्ही दोघी बसलो आणि हा प्रकार मुळापासून समजून घेतला. तिचा प्रोग्रॅम गायब झालेला नव्हता. हुकमात फक्त एक टिंब आणि एक तिरकी रेघ कमी पडली होती.

काळा पडदा म्हणजे काय

आपण फोनवर बोट लावतो किंवा माऊसनं चित्रावर टिचकी मारतो. दुकानात गेल्यावर बोट दाखवून 'ते द्या' म्हणण्यासारखं हे आहे. काळ्या पडद्यावर बोट दाखवता येत नाही. तिथं वस्तूचं नाव घेऊन मागायचं, म्हणजे हुकूम टाईप करायचा आणि एंटर दाबायचं. याला कमांड लाईन म्हणतात आणि त्या खिडकीला टर्मिनल. नाव घेऊन मागायचं म्हटलं की नेमकं सांगावं लागतं. एक अक्षर चुकलं तरी दुकानदार म्हणणार, "नाही आमच्याकडे."

आमच्या मुलीच्या लॅपटॉपवर लिनक्स होतं. लिनक्स ही विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली आहे. ती बहुतेक वेळा फुकट मिळते, म्हणून कॉलेजांच्या प्रयोगशाळांत खूप वापरतात. आधी लिनक्सचं सांगते, मग विंडोजचं.

लिहिणं वेगळं, दळणं वेगळं

आता 'प्रोग्रॅम तयार करणं' म्हणजे काय, ते दळणावरून समजून घेऊ.

मुलगी सी भाषेत जे लिहिते ते माणसाला वाचता येतं. पण यंत्राला ते तसंच खाता येत नाही. ते आहे धान्य. धान्य गिरणीत घालावं लागतं, तेव्हा पीठ मिळतं. इथं गिरणी म्हणजे कंपायलर. लिहिलेली फाइल त्यात घातली की यंत्राला चालवता येईल अशी वेगळी, नवी फाइल बाहेर पडते. त्यालाच कंपाईल करणं म्हणतात. लक्षात ठेवा, धान्याची फाइल आणि पिठाची फाइल अशा आता दोन फाइली झाल्या. चालवायची ती पिठाची.

ही गिरणी घडवणाऱ्या पहिल्या काही माणसांत एक बाई होती, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही. अमेरिकेच्या नौदलात काम केलेल्या गणितज्ञ ग्रेस हॉपर यांनी १९५२ साली ए-झिरो नावाचा सुरुवातीचा कंपायलर केला. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करणार, प्रोग्रॅम तयार करायला तो कशी मदत करणार, असं तेव्हा लोक म्हणायचे. पुढे १९७२च्या सुमाराला डेनिस रिची यांनी सी भाषा तयार केली. आणि आज विद्यार्थी जी गिरणी सर्रास वापरतात, ती जीसीसी, १९८७ साली पहिल्यांदा लोकांसमोर आली. तिला दळणाचे पैसे पडत नाहीत.

नव्या सुनेचं पत्र

मग पीठ घरात असून कॉम्प्युटर 'सापडत नाही' का म्हणतो?

गावात पोस्टमन असतो. त्याच्याकडे ठरलेल्या घरांची यादी असते, माणसं पाठ असतात. कालच लग्न होऊन आलेल्या सुनेच्या नावानं पत्र आलं आणि त्यावर नुसतं नावच असलं, तर तो काय करणार? तो ओळखीच्या घरांत विचारणार आणि पत्र परत पाठवणार, 'या नावाचं कुणी नाही'. खरं तर ती सून त्याच्यासमोरच्याच ओट्यावर बसलेली असते. पण पत्रावर 'अमक्यांच्या घरी' असा पत्ता घातला की पत्र थेट तिच्या हातात पडतं.

लिनक्सचं तसंच आहे. तुम्ही नुसतं नाव टाईप केलं की तो काही ठरलेल्या जागीच शोधतो. या ठरलेल्या जागांच्या यादीला 'पाथ' म्हणतात. कॉम्प्युटरसोबत आलेले जुने प्रोग्रॅम त्या जागांवर असतात. तुमच्या लेकीनं आत्ता बनवलेला प्रोग्रॅम ही नवी सून. ती तुमच्याच फोल्डरमध्ये आहे, पण ते फोल्डर यादीत नाही. तिथं तो बघतसुद्धा नाही.

म्हणून पत्ता घालायचा. एक टिंब, त्याला चिकटून तिरकी रेघ आणि तिला चिकटून प्रोग्रॅमचं नाव. टिंबाचा अर्थ 'मी आत्ता उभी आहे ते फोल्डर'. तिरकी रेघ म्हणजे 'त्याच्या आत'. सगळं मिळून अर्थ होतो, 'इथंच असलेला हिशोब चालव'. तिरकी रेघ दिसली की कॉम्प्युटर यादी बाजूला ठेवतो आणि सरळ पत्त्यावर जातो.

यात एक गमतीचा खड्डा आहे. पुष्कळ मुली पहिल्या प्रोग्रॅमला 'टेस्ट' असं नाव देतात. मग नुसतं 'टेस्ट' टाईप करून एंटर दाबतात. चुकीचा निरोपही येत नाही आणि उत्तरही येत नाही. पडदा गप्प. कारण 'टेस्ट' नावाचा एक जुना हुकूम लिनक्समध्ये आधीपासून आहे. आपलं पत्र त्याच नावाच्या दुसऱ्याच बाईला पोचलं! म्हणून नाव वेगळं ठेवावं आणि पत्ता घालूनच हाक मारावी.

कागदावर उतरवून घ्या

आता वही-पेन घ्या. लेकीसाठी पाच पायऱ्या लिहून ठेवा. हुकमाची अक्षरं इंग्रजी, आणि सगळी छोट्या लिपीतली. लिनक्सला मोठं आणि छोटं अक्षर वेगवेगळं वाटतं.

पहिली पायरी, मी कुठं उभी आहे ते बघणं. पी, डब्ल्यू, डी ही तीन अक्षरं टाईप करून एंटर. आपलं रस्ते-पुलांचं खातं नव्हे हं! हा हुकूम तुम्ही कुठल्या फोल्डरमध्ये आहात ते सांगतो.

दुसरी पायरी, इथं काय काय आहे ते बघणं. एल, एस आणि एंटर. फोल्डरमधल्या फाइलींची नावं दिसतील. त्यात आपली 'हिशोब डॉट सी' ही धान्याची फाइल दिसायला हवी. नसेल तर आपण चुकीच्या घरात उभ्या आहोत.

तिसरी पायरी, योग्य घरात जाणं. सी, डी, मग एक जागा सोडून फोल्डरचं नाव आणि एंटर. पुन्हा एल-एस करून खात्री करा.

चौथी पायरी, दळण. जी, सी, सी. जागा सोडा. 'हिशोब डॉट सी'. जागा सोडा. वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून छोटा ओ. जागा सोडा. 'हिशोब'. एंटर. हा ओ म्हणजे आऊटपुट, 'पीठ या नावाच्या डब्यात भर' असं सांगणं. ओ लिहायला विसरलात तर जीसीसी स्वतःच 'ए डॉट आऊट' नावाचा डबा भरून ठेवतो. तेव्हा चालवताना तेच नाव घ्यायचं.

इथं नव्या मुली घाबरतात, कारण सगळं नीट झालं तर जीसीसी काहीच बोलत नाही. नुसती नवी ओळ येते. गप्प राहिला म्हणजे दळण झालं. बोलला तर समजायचं की धान्यात खडा आहे. कुठल्या ओळीत आहे तेही तो आकड्यानं सांगतो. अनेक चुका दाखवल्या तरी आधी पहिलीच दुरुस्त करावी. पुष्कळदा पुढच्या तिच्यामुळेच आलेल्या असतात.

पाचवी पायरी, चालवणं. टिंब, तिरकी रेघ, हिशोब. मध्ये कुठंही जागा सोडायची नाही. एंटर.

एवढंच. आमच्या मुलीनं त्या रात्री पाचवी पायरी केली आणि पडद्यावर तिनंच लिहिलेला प्रश्न आला, 'कर्ज किती?' तिनं माझा हात घट्ट धरला.

निरोप वाचायला शिका

कॉम्प्युटरचा निरोप ही शिवी नाही, ती खूण आहे. चार निरोप पाठ ठेवले तर निम्मी भीती जाते.

'कमांड नॉट फाउंड' आला तर नाव चुकलंय किंवा पत्ता राहिलाय. टिंब आणि तिरकी रेघ घाला.

टिंब-रेघ घालूनही 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' आला, तर बहुधा त्या नावाची फाइल इथं नाहीच. एकतर दुसऱ्या फोल्डरमध्ये उभ्या आहात, नाहीतर दळण झालंच नाही. एल-एस करून बघा.

'परमिशन डिनाइड' म्हणजे फाइल आहे, पण ती चालवायची परवानगी नाही. हा निरोप बऱ्याचदा पेनड्राइव्हवर काम करताना येतो. घरच्या विंडोजवर लिहून पेनड्राइव्हवर नेलं, कॉलेजच्या लिनक्सवर पेनड्राइव्हमध्येच कंपाईल केलं, की अडतं. आमच्या मुलीचं प्रॅक्टिकलला हेही झालं होतं. उपाय सोपा आहे. धान्याची फाइल पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटरमधल्या आपल्या फोल्डरमध्ये उतरवायची आणि तिथं पुन्हा दळायचं. कधी पिठाची फाइलच मी योग्य जागी ठेवलीय तरी परवानगी नाही म्हणतो. तेव्हा सी-एच-मोड, जागा, अधिकचं चिन्ह आणि एक्स, जागा, फाइलचं नाव, असा हुकूम देऊन परवानगी देता येते.

चौथा निरोप 'एक्झेक फॉरमॅट एरर'. एका प्रकारच्या कॉम्प्युटरसाठी दळलेलं पीठ दुसऱ्यावर नेलं की असा अडथळा येतो. विंडोजवर बनलेला प्रोग्रॅम लिनक्सवर तसाच चालत नाही, आणि लिनक्सवरचा विंडोजवर चालत नाही. धान्य मात्र दोन्हीकडे चालतं. म्हणून लेकीला सांगा, सोबत नेहमी धान्य ने, पीठ जिथं जाशील तिथं दळ.

आता विंडोजचं. तिथं कंपाईल केलेल्या फाइलच्या शेवटी 'डॉट ईएक्सई' असतं. तिच्यावर दोनदा टिचकी मारली की काळी खिडकी उघडून झटकन बंद होते आणि मुलींना वाटतं प्रोग्रॅम बिघडला. तो बिघडलेला नसतो. त्याचं काम संपलं म्हणून खिडकी मिटली. म्हणून आधी कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, सी-डी करून त्या फोल्डरमध्ये जायचं आणि मग नाव टाईप करायचं. कमांड प्रॉम्प्ट उभ्या असलेल्या फोल्डरमध्येही शोधतो, त्यामुळे तिथं नुसतं नाव पुरतं. आमची मुलगी घरी आधी यावरच शिकली होती, म्हणून लिनक्सवर टिंब-रेघ तिला सुचलीच नाही. विंडोजमध्येच पॉवरशेल नावाची दुसरी खिडकी असते. तिथं मात्र टिंब आणि उलटी तिरकी रेघ घालावी लागते.

चालला, पण बरोबर चालला का?

आता आपल्या पैशाकडे येऊ. प्रोग्रॅम चालला म्हणून आम्ही खूश झालो. मुलीनं कर्ज टाकलं दहा हजार, महिन्याचा दर दोन टक्के, मुदत दहा महिने. उत्तर आलं, व्याज शून्य.

"ताई, व्याजमाफी झाली!" म्हणून आम्ही हसलो, पण ती कावरीबावरी झाली. चूक अशी होती. तिनं आधी दोनाला शंभरानं भागलं होतं आणि आलेल्या उत्तरानं कर्जाला गुणलं होतं. कागदावर हे बरोबर आहे. पण सी भाषेत दोन पूर्णांक भागले की उत्तरही पूर्णांकच येतं, अपूर्णांक टाकून दिला जातो. दोन भागिले शंभर म्हणजे शून्य. शून्यानं काहीही गुणलं तरी शून्यच.

तिनं ओळ बदलली. आधी गुणायचं, मग भागायचं. फाइल जपून ठेवली, टिंब-रेघ-हिशोब केलं, आणि उत्तर पुन्हा शून्य! आता का? विचार करा. धान्यातला खडा काढला, पण डब्यात पीठ कालचंच आहे. ती पुन्हा दळायला विसरली होती. लिहिलेल्या फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी चौथी पायरी पुन्हा करायची आणि मगच पाचवी. नाहीतर जुनाच प्रोग्रॅम चालत राहतो.

पुन्हा दळलं. आता उत्तर आलं दोन हजार रुपये. पुढच्या बैठकीत तिनं ते मोठ्या अभिमानानं दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात आमच्या गटातल्या एक मावशी बोलल्या. शाळा चौथीपर्यंत, पण कर्ज घेऊन फेडलेल्या. म्हणाल्या, "अगं, मी दर महिन्याला हजार मुद्दल फेडते. शेवटच्या महिन्यात माझ्याकडे हजारच उरतात. मग त्या महिन्याला व्याज दोनशे कसं? वीस व्हायला पाहिजे."

मावशींचं बरोबर होतं. आमच्या गटात व्याज उरलेल्या मुद्दलावर असतं. पहिल्या महिन्यात दहा हजारांवर २०० रुपये, दुसऱ्यात नऊ हजारांवर १८०, तिसऱ्यात १६०, असं उतरत शेवटी २०. बेरीज करा, १,१०० रुपये होते. मुलीचा प्रोग्रॅम दर महिन्याला पूर्ण दहा हजारांवरच व्याज धरत होता, म्हणून २,०००. एका कर्जामागे ९०० रुपयांचा फरक! कंपायलर गप्प होता, प्रोग्रॅम न अडखळता चालला होता, पडद्यावर आकडा ठळक दिसत होता. तरी तो आमच्या गटाचा हिशोब नव्हता. गिरणी पीठ बारीक करते, तांदूळ आहे की ज्वारी ते ती बघत नाही. ते दळण पाठवणारीनं बघायचं.

म्हणून कुणाच्याही प्रोग्रॅमवर गटाचा हिशोब टाकण्याआधी एवढं करा. पूर्ण फिटलेलं एक जुनं कर्ज वहीतून काढा आणि तेच आकडे प्रोग्रॅमला द्या. दर महिन्याची ओळ वहीशी जुळते का बघा, नुसती शेवटची बेरीज बघू नका. मग एक वेडंवाकडं कर्ज द्या. समजा शिल्लक ३,७२५ रुपये, दर दोन टक्के. व्याज ७४ रुपये ५० पैसे यायला हवं. ७४ आलं तर पन्नास पैसे कुठंतरी सांडताहेत. मग दर दीड टक्का देऊन बघा. पूर्णांकाच्या खणात दीड टाकलं तर प्रोग्रॅम त्यातला एकच उचलतो. अशा वेळी मुलीला सांगा, दशांश धरणारा खण वापर. ती समजेल.

आणि वही सोडू नका. बचत गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे अशी पाच सूत्रं आहेत. लेखे म्हणजे सगळ्यांना उघडून बघता येतील आणि ज्यावर सह्या होतात ते. प्रोग्रॅम आकडेमोडीला मदत करेल. शब्द मात्र वहीचा.

नव्या सुनेला नाव का विचारतात

शेवटी एक सावधगिरी. लिनक्स आपल्याच फोल्डरमध्ये आपणहून का बघत नाही? तो हट्टीपणा वाटतो, पण त्यामागं शहाणपण आहे. समजा सगळ्यांच्या वापरातल्या फोल्डरमध्ये कुणी खोडसाळ माणसानं स्वतःचा प्रोग्रॅम ठेवला आणि त्याला 'एल-एस' हेच नाव दिलं. तुम्ही फाइली बघायला म्हणून एल-एस टाईप केलं, आणि तुमच्या नकळत त्याचा प्रोग्रॅम चालला तर? म्हणून लिनक्स म्हणतो, अनोळखी प्रोग्रॅम चालवायचा असेल तर तू स्वतः पत्ता घालून सांग.

ही सवय आपल्या फोनलाही लावा. लग्नपत्रिका म्हणून, बँकेचा निरोप म्हणून व्हॉट्सअॅपवर कुणी एपीके फाइल पाठवली, तर तीही चालणारा प्रोग्रॅमच असते, पत्रिका नसते. पत्रिका उघडायला फोनवर काही बसवावं लागत नाही. अशी फाइल कधीही उघडू नका. चुकून उघडली आणि पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर मदतीच्या क्रमांकावर फोन करा.

शिकायचं कुठं

आमच्या अंधेरीत १९७३ साली सीप्झ ही निर्यातीची वसाहत उभी राहिली. आज तिथं सॉफ्टवेअरची कामं चालतात. आमच्या वस्तीतल्या बाया रोज त्या फाटकावरून जातात, पण आत काय चालतं ते आम्हाला लांबचंच वाटायचं. शेजारच्या पवईला आयआयटी मुंबई आहे. तिथल्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमानं लिनक्स, सी आणि अशा अनेक विषयांचे छोटे व्हिडिओ धडे केले आहेत. केंद्र सरकारच्या मदतीनं हे काम उभं राहिलं. धडे फुकट आहेत आणि मराठीतही आहेत. एक वाक्य ऐकायचं, धडा थांबवायचा, शेजारच्या खिडकीत तेच करून बघायचं, अशी पद्धत. इंग्रजी पुस्तक समोर आलं की अडखळणाऱ्या मुलीला याचा मोठा आधार होतो. गावात नेट हळू असेल तर तालुक्याला गेल्यावर धडे उतरवून घ्यावेत.

आमच्या मुलीनं लाईन बदलली नाही. मावशींनी सांगितलेली चूक तिनं त्याच बैठकीत दुरुस्त केली. दर महिन्याला मुद्दल कमी करणारी एक ओळ घातली, पुन्हा दळलं, टिंब-रेघ घातली. १,१०० आले. सचिव ताई आता वहीत आकडा लिहितात आणि मुलीच्या प्रोग्रॅमवर पडताळून बघतात. दोन्ही जुळले तरच सह्या.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमची लेक काळ्या पडद्यासमोर अडकली तर 'राहू दे' म्हणू नका. शेजारी बसा आणि विचारा, "तू आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये आहेस? पुन्हा दळलंस का? टिंब घातलंस का?" आणि प्रोग्रॅम चालला की शेवटचा प्रश्न तुमच्या अनुभवाचा विचारा, "आकडा वहीशी जुळतो का?"

पुन्हा भेटू. नमस्कार.